अर्धी सांगितलेली कहाणी

पार्वतीबाईंच्या ओसरीवर श्रावणात रोज दुपारी एक वाजता कहाणी व्हायची. शिरूरच्या मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. सकाळची शाळा आटोपून घरी आल्या की पाय धुवायच्या, देवापुढची वात सारखी करायच्या आणि सासूबाईंच्या हातची, निळ्या शाईत उतरवलेली वही उघडायच्या. आळीतल्या बायका मुठीत चार-चार अक्षता घेऊन बसायच्या. कहाणी संपली की अक्षता देवावर टाकायच्या आणि मग ज्याच्या त्याच्या घरी जेवण. बाईंचा नेमच होता, की कहाणी झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, आणि ऐकणारं कुणी नसेल तर ती झाली असं धरायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "भिंतीला सांगितलेली कहाणी देवाला पोचत नाही गं. मधे एक तरी कान पाहिजे."

कान पुष्कळ होते. अकरा वर्षं चौदा-पंधरा बायका न चुकता येत होत्या. पुढं बसायच्या सखूबाई आणि त्यांची सून गिता, खांबाला टेकून जाईबाई. जाईबाई पहिल्या वाक्याला डोळे मिटायची ते अक्षता टाकायच्या वेळीच उघडायची. पार्वतीबाई शाळेत मुलींना सांगायच्या, "एकाग्रता बघायची असेल तर आमच्या जाईबाईंची बघा."

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या सालच्या आषाढात समोरच्या चाळीतल्या रिकाम्या खोलीत ललिता राहायला आली. नवरा बबनराव एस.टी.त ड्रायव्हर, दौंडहून शिरूरला बदलून आलेला. ललिता तिशीच्या आतली, सावळी, हसली की हिरड्या दिसणारी. श्रावणाच्या पहिल्याच दिवशी अक्षता घेऊन मागच्या कोपऱ्यात बसली. पार्वतीबाईंना बरं वाटलं. एक कान वाढला.

दुसऱ्या आठवड्यात शाळेत तपासणी आली. साहेब उशिरा आले, सावकाश जेवले आणि त्याहून सावकाश बोलले. बाईंना घरी यायला दोन वाजले. बायका कंटाळून गेल्या असतील, आज उपास घडणार, असं म्हणत त्या गल्लीत वळल्या, तर ओसरीवरून आवाज येत होता. ललिताचा आवाज.

"भरल्याली कणगी. सात सुना. सहा हसणाऱ्या, सातवी मुकी. फुकून फुकून लाल झाल्यालं डोळं. पाठीला बांधल्यालं प्वार. सगळ्यांची जेवल्याली ताटं, आन् हिच्या वाटणीला खरवडल्यालं भगुनं..."

बाई पायरीशीच थांबल्या. वीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या कानाला पहिल्यांदा टोचलं ते हे, की या बाईच्या एकाही वाक्याला क्रियापद नाही. भरलेली, झालेले, बांधलेलं, खरवडलेलं, सगळी धातुसाधितं विशेषणं होऊन नामाला चिकटलेली, आणि पुढं काही नाहीच. वर्गातल्या मुलींनी असं लिहिलं तर त्या लाल गोल काढायच्या आणि समासात लिहायच्या, "वाक्य पुरे करा."

मग त्यांनी बायकांकडं पाहिलं. सखूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. गिताला सातवा लागला होता. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. आणि जाईबाई जागी होती. टक्क जागी. उघड्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

अकरा वर्षं जिला आपण एकाग्रता म्हणत आलो ती निव्वळ झोप होती, हे पार्वतीबाईंना त्या क्षणी कळलं. वहाणेत गेलेला खडा चालताना टोचत राहावा, तसं ते टोचायला लागलं.

"आल्या का बाई?" सखूबाई उठत म्हणाल्या. "तुमची वाट बघून बघून आमीच म्हणलं ललिताला, सांग बाई तुला यील तशी. पोरं भुकेजली हुती."

"चुकलंमाकलं असंल तर पदरात घ्या बाई," ललिता म्हणाली.

"चुकलं असं नाही," पार्वतीबाई मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "फक्त वाक्य पुरं करावं. क्रियापदाशिवाय वाक्य म्हणजे बैलाशिवाय गाडी. जागची हलत नाही."

"हलत न्हाई कशी?" जाईबाई नाक पुसत म्हणाली. "माझं तर काळीज हललं."

बायका हसल्या. पार्वतीबाईही हसल्या, आणि आत जाऊन त्यांनी वही उगीचच जोरात मिटली.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर बसल्या. "एका नगरात एक राजा राहत होता. त्याला सात सुना होत्या. त्यांपैकी सहा आवडत्या होत्या व सातवी नावडती होती." तिसऱ्या वाक्याला जाईबाईचं डोकं खांबाला लागलं. आजवर ते दिसत नव्हतं, आता तेवढंच दिसत होतं. कुणाच्या मांडीवरच्या अक्षता सांडल्या, कुणी जांभई दाबली, कुणी समोरच्या चाळीकडं बघितलं, सगळं दिसत होतं.

मग एकेक गळायला लागली. एकीच्या पोराला ताप आला. एकीचा पाय मुरगळला. सखूबाई म्हणाल्या, "गिताला तुमची उंच पायरी चढवंना झालीया." पण एकाच्या सुमाराला खिडकीतून बघितलं की ललिताच्या दाराशी चपलांचा ढीग दिसायचा. बाई एकेक जोड ओळखायच्या. तुटलेल्या अंगठ्याला निळी दोरी बांधलेली जाईबाईची. टाच झिजलेली सखूबाईची. पाय सुजल्यामुळं गितानं घातलेली नवऱ्याची, मोठी.

बाईंच्या ओसरीवर उरले शंकरराव, त्यांचे यजमान, कचेरीतून निवृत्त झालेले. ते एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र धरून बसायचे.

"अहो, लक्ष आहे का?"

"आहे की. राजा होता. पुढं?"

"पुढं वाचूनच झालंय."

"मग जेवायला वाढ."

नेम मोडत नव्हता. पण घास गोड लागत नव्हता. बाईंनी देवघराचं दार लोटून एकदा आपल्याशीच म्हणून पाहिलं, "पेटलेली चूल. करपलेली भाकरी..." आणि उचकी यावी तसं तोंडातून आपोआप आलं, "होती." पुन्हा म्हटलं, पुन्हा "होती". शेवट सुटतच नव्हता. त्या दिवशी त्यांनी शाळेत एका मुलीच्या निबंधावर एकवीस लाल गोल काढले. मुलगी वही घेऊन रडली, तेव्हा बाईंना थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली. पण हेवा असा, की लाजेनं तो कमी होत नाही, फक्त खाली मान घालून बसतो.

एका सकाळी सखूबाई विरजण मागायला आल्या.

"काल ललितानं काय सांगितली म्हनता! अजून अंगावर काटा हाय."

"छानच सांगते ती," पार्वतीबाई म्हणाल्या. वाटीत विरजण घातलं. वाटी पुढं केली नाही. "पण..."

"पण काय?"

"जाऊ द्या. श्रावणात दुसऱ्याचं बोलू नये."

"बोला की बाई. आता अर्धं नगा ठिवू."

"तेच म्हणते मी. अर्धं ठेवू नये." बाईंचा आवाज नेहमीसारखाच, मऊ. "सातवी सून रानात गेली, देव भेटला, परत आली, सुखी झाली. हे 'झाली' म्हणावं लागतं. ललिता म्हणतच नाही. तिची सून रानातच राहते. अर्ध्या कहाणीचा दोष लागतो, असं म्हणतात. तुमचंआमचं काय, आपलं वय झालं. पण गिताचं पोट सातव्यात."

सखूबाईंचा हात छातीशी गेला. "आता गं बया! मग?"

"ज्या तोंडानं अर्धी सांगितली त्याच तोंडानं पुरी झाली पाहिजे. नाहीतर ऐकणारीच्या पदरात काही पडत नाही."

सासूबाईंच्या वहीत असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. बोलताना पार्वतीबाईंना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वाटी पुढं केली.

संध्याकाळपर्यंत ते आळीभर झालं. दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. ललिताही आली, नेहमीसारखी हिरड्या दाखवत, मुठीत अक्षता. सखूबाईंनी गिताचा पदर ओढून तिला पलीकडं सरकवलं. दुसरीनं लेकराला कडेवर घेतलं. ललिता पायरीवर उभी राहिली, तिनं सगळ्यांकडं बघितलं, मग मुठीतल्या तांदळांकडं बघितलं आणि माघारी वळली. तिसऱ्या दिवशी तिच्या दाराला कुलूप दिसलं. बबनरावांनी तिला दौंडला आईकडं नेऊन सोडलं होतं.

पार्वतीबाईंनी त्या दिवशी कहाणी वाचली ती अगदी भरल्या आवाजात. प्रत्येक क्रियापद जागच्या जागी. जाईबाई तिसऱ्या वाक्याला झोपली.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. शुक्रवारी सखूबाई धावत आल्या. डोक्यावर पदर नव्हता.

"बाई, गिता न्हानीत घेरी येऊन पडली. दोन दीस झालं, पोरगी कपभर दुधावर हाय. म्हनती, लई कहाण्या अर्ध्या ऐकल्या, त्या पुऱ्या झाल्याबिगर अन्नाला शिवणार न्हाई. नर्सबाई रागावून गेली, म्हनली, दोन जिवांशी ख्योळ करताय व्हय?"

पार्वतीबाई तशाच ओल्या हातानं धावल्या. गिता वाकळेवर पडली होती. ओठ पांढरे, पोट तेवढं वर आलेलं.

"गिता, ऊठ. दोन घास खा," बाई तिच्या उशाशी बसून म्हणाल्या. "असा काही दोष नसतो. मी चुकीचं बोलले."

गिता हसली. "बाई, माज्यापायी खोटं बोलू नका. तुमचा नेमधरम सगळ्या शिरूरला ठावं हाय."

"अगं, खरंच. वहीत कुठं लिहिलेलं नाही. वही आणून दाखवते."

"वहीत नसंल," गिता म्हणाली. "तुमच्या तोंडात हाय न्हवं."

वीस वर्षं जपलेला तोंडाचा खरेपणा असा आडवा आला. खोटं बोलले ते सगळ्यांनी खरं मानलं, आणि आता खरं बोलले ते कुणी खरं मानेना. उरला एकच उपाय, ललिताच्याच तोंडून त्या पुऱ्या करून घेणं. बाईंनीच तो नेम घालून दिला होता.

शनिवारी पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं त्या निघाल्या. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसरी गाडी धरून दौंड. खिडकीतून ऊस, माळ, मेंढरं, पुन्हा ऊस. पोटात काही नव्हतं. कहाणी व्हायची होती. आणि त्याही स्थितीत मन दुसरंच बोलत होतं. आता ललिता परत येणार. पुन्हा त्या दाराशी चपलांचा ढीग. गिताचा जीव धोक्यात असताना आपल्याला चपला आठवतात, या विचारानं त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. दहा नावांनंतर पुन्हा चपला.

ललिताच्या आईचं घर स्टेशनच्या यार्डाला खेटून होतं. दारात वाळत घातलेल्या धुण्यावर कोळशाचे काळे ठिपके. ललिता सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"बाई? तुमी?" तिनं पाणी दिलं. "च्या टाकते."

"नको. कहाणी व्हायचीय अजून."

ललितानं हात धुतले, सुपातले चार दाणे मुठीत घेतले आणि समोर बसली. "सांगा. मी हाय की."

पार्वतीबाईंना वही लागत नव्हती. "एका नगरात एक राजा..." म्हणेपर्यंत इंजिनानं शिट्टी दिली. "त्याला सात सुना..." मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्या. "सहा आवडत्या आणि सातवी..." गाडी सुरू झाली, जमीन हलली, फडताळातली भांडी वाजली. बाईंचे ओठ हलत राहिले. प्रत्येक वाक्याचं शेपूट गाडी तोडून नेत होती. 'होता' नाही, 'होत्या' नाही, 'गेली' नाही. ललिता मात्र त्यांच्या तोंडाकडं बघत, मूठ आवळून ऐकत होती. संपलं तसं तिनं ते चार दाणे कोनाड्यातल्या देवावर टाकले.

"आमच्या आजीची हीच गत," ती म्हणाली. "सगळा जलम या टेसनाच्या वळचणीला. गोष्ट सांगायला बसली की शेवट गाडी खायची. आमी पोरं वरडायचो, 'काय झालं? काय झालं, आजे?' वैतागायची. मग तिनं शेवट धरायचाच सोडला. म्हनायची, डोळ्याला दिसतंय तेवढं सांगावं, फुडचं ज्याचं त्यानं बघावं. मला तसंच लागलं वळण. तुमच्यागत न्हाई येत, बाई."

पार्वतीबाईंच्या मनात आलं, या धुरात, या खडखडाटात हिला मिळालं ते आपल्याला निळ्या शाईच्या वहीत मिळालं नाही. त्यांना त्या मेलेल्या म्हातारीचाही हेवा वाटला.

मग त्यांनी गिताचं सांगितलं. अर्ध्या कहाणीचा दोष, दोन दिवसांचा उपास, न्हाणीतली घेरी.

ललिताच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हंजी ते तुमी काढलं? मी सखूबाईला शिव्या देत हुते."

"मीच."

"का वो बाई? मी तुमचं काय घोडं मारलं हुतं?"

बाईंनी तोंड उघडलं. शब्द आले ते असे आले, "तुझ्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला." थांबल्या. "जाईबाईचे उघडे डोळे." पुन्हा थांबल्या. "माझी... रिकामी ओसरी."

बाहेर एक गाडी आली आणि गेली.

"कळलं," ललिता म्हणाली. ती तांदळातले खडे बाजूला करत राहिली. "येते मी. गितासाठी येते, तुमच्यासाठी न्हाई. पर एक. हे चार बायकांत बोलायचं. असं चपलाबिपला न्हाई. सरळ. ते तुमचं करता, करम, काय असतं ते सगळं घालून."

ललिताच्या आईनं, बानूबाईंनी, भाकरी पुढं केली. नेम पुरा झाला होता, ऐकणारीनं ऐकलं होतं. तरी बाईंना घास उतरला नाही. त्यांनी भाकरी पदरात बांधून घेतली.

दिवेलागणीला दोघी सखूबाईंच्या घरात शिरल्या. आळीतल्या बायका जमल्याच होत्या. जाईबाई भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटायच्या बेतात. गिता वाकळेवर. कंदिलाची काच नुकतीच पुसलेली.

"ललिता, आधी पुरी कर बाई एकेक," सखूबाई हात जोडून म्हणाल्या.

"आधी बाईंना बोलायचंय," ललिता म्हणाली आणि खाली बसली.

पार्वतीबाई उभ्याच राहिल्या. गप्प राहिलं तरी चालणार होतं, ते त्यांना दिसत होतं. ललिता कहाण्या पुऱ्या करील, गिता जेवील, आणि आपला मान आहे तिथं राहील. त्यांनी ललिताकडं पाहिलं. ती मान वर करत नव्हती.

"मी खोटं बोलले," बाई म्हणाल्या. "अर्ध्या कहाणीचा दोष मी माझ्या मनानं रचला. तुम्ही सगळ्या ललिताकडं जात होता. मला तिचा हेवा वाटला. गिता, मी तुझ्या पोटातल्या जिवाचं भय घालून बायका परत आणल्या." आवाज मऊच होता, पण एकही शब्द गिळला नाही. "आणि हेवा अजून गेला नाही. आत्ता, या घडीलाही आहे."

सखूबाईंनी तोंडावर हात ठेवला. गिता कोपरावर उठून बाईंकडं बघत राहिली. या खेपेला तिनं खरं मानलं होतं.

"अगं बया," भिंतीकडून आवाज आला. जाईबाई सरळ बसली होती. टक्क जागी. "अकरा वर्सांत बाई पयल्यांदा ऐकन्याजोगं बोलल्या."

कुणीतरी फिसकन हसलं, कुणी तिला "गप गं" म्हणून दटावलं. सखूबाई मात्र हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि सुनेसाठी भात वाढून घेऊन आल्या. जाता जाता बाईंच्या अंगावरून गेल्या, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. बघायला त्यांना पुढं दिवाळी उजाडली.

"दोष न्हाई, तरी सांग गं एक," गिता ललिताला म्हणाली. "ऐकत ऐकत जेवते."

ललिता मांडी घालून बसली. बायका सरकल्या, पार्वतीबाईंना पुढं जागा केली. त्या पुढं गेल्या नाहीत. श्रावणाच्या पहिल्या दिवशी ओसरीवर ललिता बसली होती तशा, मागच्या कोपऱ्यात टेकल्या. कुणीतरी त्यांच्या हातावर चार अक्षता ठेवल्या.

"रान," ललितानं सुरू केलं. "पायाखाली मोडल्याल्या काटक्या. वाट चुकल्याली सातवी. कमरेला बांधल्याली, वाळून खडंग झाल्याली भाकरी..."

पार्वतीबाईंचा हात नकळत पदराच्या गाठीकडं गेला. कहाणीत ती भाकरी आधी नव्हती. त्यांच्या छातीत कळ उठली, जुनीच, ओळखीची. हिला हे कुठून सुचतं? त्यांनी मूठ आवळली आणि ऐकत राहिल्या.

कंदिलाच्या उजेडात गितानं उचललेला पहिला घास. वाफाळलेला भात. आणि मागं कोपऱ्यात, घामानं भिजून तळव्याला चिकटलेल्या चार अक्षता.